दिवाळीच्या भेटी फुकटात होतात का? आमच्या दुकानाचा हिशोब

व्हिडिओ बघून इकडे आला असाल तर जुन्या साडीचा बटवा कसा कापायचा ते तुम्ही पाहिलंय. पाहिला नसेल तरी हरकत नाही, मापं खाली दिली आहेत. पण त्या व्हिडिओत मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेले, "या भेटी मला शून्य रुपयात पडल्या." कॅमेरा बंद केल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शून्यात कुठे गं? माझ्या सहा साड्या गेल्या."

बरोबर आहे त्यांचं. आणि नुसत्या साड्याच गेल्या असं नाही, इतरही बरंच काही गेलं. मी इतरांना कॉस्टिंग शिकवते आणि स्वतः "शून्य" म्हणून मोकळी होते, हे काही बरं नाही. म्हणून हा लेख.

आधी मागची गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसेल तर बटव्यांचा हिशोब कळणार नाही. आमचं चिपळूणच्या बाजारपेठेत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, लेस, हुक, दोरे. आमची खरी गिऱ्हाइकं म्हणजे घरी शिवणकाम करणाऱ्या बायका. त्या आठवड्यातून दोनदा येतात, माल नेतात, वहीवर लिहायला सांगतात आणि त्यांची शिलाई आली की पैसे आणून देतात. अशी साधारण साठ खाती होती. दिवाळीला प्रत्येकीला अडीचशे-तीनशे रुपयांचा मिठाईचा बॉक्स, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. सासऱ्यांनी २००५ च्या पुराची खूण दुकानाच्या भिंतीवर करून ठेवली होती आणि आम्ही पावसाळ्यात माल त्या खुणेच्या वरच ठेवायचो. या वेळी पाणी खुणेला ओलांडून वर गेलं. घर जरा चढावर असल्यामुळे ते वाचलं. दुकान उघडलं तेव्हा अस्तराचे तागे चिखलाच्या ओंडक्यांसारखे झाले होते. उधारीची वही गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये होती. ती हातात घेतली तर नुसता लगदा. पानं सुटी करून वाळवायचा प्रयत्न केला, पण शाई सगळी वाहून गेली होती. कोणाकडे किती, काही कळायला मार्ग नाही. आम्ही आकडे तोंडपाठ ठेवणारी माणसं नव्हे.

ऑगस्टमध्ये अर्धं शटर उघडून बसायला लागलो तेव्हा एक ताई आल्या. म्हणाल्या, "माझे साडेआठशे आहेत गं तुझ्याकडे. लिहून घे, सगळे आत्ता देत नाही, पण लिहून घे." मी नवीन वही काढली आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं. मग हळूहळू बाकीच्या येत गेल्या. कोणी दोनशे, कोणी बाराशे. दसऱ्यापर्यंत अडतीस जणींनी आपापला आकडा स्वतः येऊन सांगितला होता.

तर त्या दिवाळीला प्रश्न हा होता. या अडतीस जणींना रिकाम्या हाताने "शुभ दीपावली" म्हणायचं? अडतीस बॉक्स गुणिले तीनशे म्हणजे अकरा हजार चारशे रुपये. तेवढ्यात अस्तराचा नवा माल आला असता. मिठाई नाही घेतली.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कपाट उघडलं आणि सुती साड्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "शिव काहीतरी," म्हणाल्या.

साडीचा बटवा, शिवणाऱ्या बाईसाठी

भेट काय द्यायची हे ठरवताना आम्ही घरात टाकाऊ काय आहे ते आधी बघतो आणि मग त्याचं काय होईल याचा विचार करतो. इंटरनेटवरचे बहुतेक "टाकाऊतून टिकाऊ" व्हिडिओ असेच असतात, त्यामुळे शेवटी बाटलीला लोकर गुंडाळलेलं असं काहीतरी तयार होतं जे पुढच्या घरी जाऊन पुन्हा टाकाऊ होतं. मी त्या वेळी उलटं केलं. ते काही हुशारीने नाही, नशिबाने. माझ्या डोळ्यांपुढे बायका होत्या, वस्तू नव्हत्या. यांना रोज काय लागतं? दुकानात आल्या की त्यांच्या पर्समधून टेप, खडू, मॅचिंगचा तुकडा, बॉबिन, ब्लेड असं सगळं एकात एक गुंतून निघतं. म्हणून आत दोन कप्पे असलेला अस्तराचा बटवा.

साडी निवडताना ती उजेडात धरून बघा. जिथे विरलेली आहे तिथून उजेड जास्त येतो. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा. चर्र आवाज आला तर ती साडी गोधडीच्या आत घाला, बटव्यात नको. निऱ्यांचा आणि खोचायचा भाग जास्त झिजलेला असतो, काठ आणि पदर सहसा ठणठणीत असतात. खऱ्या जरीची जुनी साडी असेल तर कात्री लावायच्या आधी थांबा. जुनी जर विकत घेणारे लोक असतात, आधी किंमत विचारा. आणि पुरात भिजलेलं कापड कितीही धुतलं तरी भेटीसाठी वापरू नका. आम्ही ते सगळं टाकून दिलं, एक चिंधीसुद्धा ठेवली नाही.

माप असं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, लांबी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. बटव्याचा बाहेरचा तुकडा ११ बाय २६ इंच. तो मधोमध दुमडला की शिवून साधारण १० इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच बटवा होतो, वरची नाडीची पट्टी धरून. २६ इंच पन्ह्यात आडवे घेतले की १९ इंच उरतात. त्यातून ७ इंचाच्या दोन पट्ट्या म्हणजे आतले कप्पे, आणि उरलेल्या काठाकडच्या ५ इंचांतून नाड्या. कागदावर एका साडीतून १९ बटवे निघतात. वापरलेल्या साडीतून झिजलेला भाग वगळून मला १४-१५ मिळाले. अस्तरासाठी तेवढंच कापड पुन्हा. म्हणजे अडतीस बटव्यांना तीन साड्या बाहेरून, तीन आतून. सहा. सासूबाईंचा आकडा चुकत नाही.

सगळे तुकडे एकाच दिवशी कापा, सगळे कप्पे एकाच दिवशी लावा, नाड्या एकदमच उलट्या करा. एकेक बटवा पूर्ण करत बसलात तर दुप्पट वेळ जातो. नाड्या उलट्या करायचं काम सासूबाईंनी केलं, टीव्ही बघत, सेफ्टी पिन लावून.

प्रत्येक बटव्यात दुकानातल्या कातरणाने भरलेली सुया टोचायची छोटी उशी ठेवली. इथे कोकणातल्यांसाठी एक सूचना. आत भरायची कातरण दोन दिवस कडक उन्हात वाळवा. जरा जरी दमट राहिली तर सुया गंजतात आणि तो गंज ब्लाउजवर उतरतो. मग तुमच्या भेटीची आठवण वेगळ्याच कारणाने निघेल.

कार्ड म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापल्या. जाड कागद, छान रंग, मागची बाजू कोरी. फक्त गणपतीचं चित्र असलेला तुकडा वापरू नका. तो समोरच्याला टाकवत नाही आणि ठेवायचा कुठे तेही कळत नाही, बिचारी अडकून पडते.

आता मला अपेक्षित नव्हतं ते सांगते. धनत्रयोदशीला पहिला बटवा दिला, त्या ताईंनी तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर काकूंची साडी! नारळी पौर्णिमेला नेसायच्या ती." सासूबाई वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेल्या, त्यांच्या साड्या या बायकांनी पाहिलेल्या होत्या. त्यानंतर जी आली ती आपल्या बटव्यात कुठली साडी आलीय ते शोधत होती. मिठाईच्या बॉक्सवर असं कधी कोणी बोललं नव्हतं. मिठाईचा बॉक्स त्या दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकायच्या, हे मला नंतर त्यांच्यातल्याच एकीने हसत सांगितलं.

मग खर्च किती आला?

चौदा रात्री, दुकान बंद केल्यावर. मी स्वतः साधारण सव्वीस तास मशीनवर बसले. सासूबाईंचे तास मोजलेले नाहीत, त्यांना विचारायची हिंमत नाही. तासाला ऐंशी रुपये धरले तर माझ्या वेळेचे दोन हजार ऐंशी. दोरा दुकानातला, खरेदीच्या भावाने १८० रुपये. एकूण २२६०, भागिले अडतीस. एक बटवा जवळजवळ साठ रुपयांना पडला. तीनशेच्या बॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त, पण फुकट नाही.

बीबीएला असताना "संधी खर्च" नावाची गोष्ट मी पाठ करून पेपरात लिहिली होती. ती मला समजली या बटव्यांमध्ये. २०२१ मध्ये माझ्याकडे माल नव्हता आणि वेळ होता, म्हणून सव्वीस तास स्वस्त होते. २०२३ च्या दिवाळीआधी दुकान रात्री साडेदहापर्यंत चालू होतं. तेव्हा तेच सव्वीस तास मी बटव्यांना दिले असते तर तो तोट्याचा धंदा झाला असता, मी झोपले नसते आणि सकाळी गिऱ्हाइकावर खेकसले असते. त्यामुळे आता आमचं शिवण पितृपक्षात होतं. आमच्या धंद्यात त्या पंधरवड्यात कोणी नवीन कापड घेत नाही, काउंटर मोकळा असतो. जुन्या साडीला काही हरकत नाही, असं सासूबाईंचं मत. तुमच्या धंद्यात मंदीचे पंधरा दिवस कोणते ते शोधा आणि भेटीचं काम तिकडे टाका. दिवाळीच्या तोंडावर हाताने काही करायला घेऊ नका.

दोऱ्याचं का लिहिलं? कारण दुकानातला माल भेटीत घातला की तो फुकट होत नाही. ज्यांचं नियमित जीएसटी रजिस्ट्रेशन आहे त्यांनी हे नीट वाचा. जो माल तुम्ही भेट म्हणून किंवा फुकट नमुना म्हणून देता, त्याच्या खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेता येत नाही. घेतलं असेल तर परत करावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच). मला हे कलम तोंडपाठ आहे, कारण पुरात नष्ट झालेल्या मालाचं क्रेडिटसुद्धा याच कलमाखाली परत करावं लागतं. आमच्या सीएंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "म्हणजे माल पुरात गेला काय आणि मी वाटला काय, सरकारला सारखंच?" ते हसले. मला काही हसू आलं नाही. मिठाईचे नाहीतर ड्रायफ्रूटचे बॉक्स वाटायला विकत घेता तेव्हाही हेच लागू. घरच्या जुन्या साडीला मात्र क्रेडिटही नाही आणि परतफेडही नाही. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, तुम्ही पुढे चला.

दोन ठिकाणी मी चुकले

पहिली चूक दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत. पुराचा चिखल तिने आमच्याबरोबर चार दिवस उपसला होता. दिवाळीला दर वर्षी तिला एक पगार बोनस असायचा. त्या वर्षी मी तिला सगळ्यात सुंदर बटवा दिला, पदराच्या कापडाचा, आणि म्हटलं, "या वेळी एवढंच जमतंय गं." तिने "ठीक आहे वहिनी" म्हणून घेतला. संध्याकाळी बघितलं तर बटवा काउंटरखाली तसाच राहिलेला. विसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री झोप लागली नाही. तिच्या घरीही दिवाळी होती, तिलाही कोणालातरी काहीतरी घ्यायचं होतं. बटवा देऊन मी तिच्या हक्काचे पैसे झाकले होते. पैसे नव्हते तर "अर्धा बोनस आता, अर्धा मार्चमध्ये" असं स्पष्ट बोलायला हवं होतं आणि लिहून द्यायला हवं होतं. ते मी भाऊबीजेनंतर बोलले. मार्चऐवजी एप्रिल उजाडला, पण पैसे दिले. आता आमच्याकडे वसुबारसेच्या आत बोनस जातो आणि त्यानंतरच कोणाच्याही भेटीचा विषय निघतो. व्हिडिओखाली एका दादांनी विचारलं होतं की कामगारांना अशा भेटी दिल्या तर बजेट वाचेल का. दादा, नाही वाचणार.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी अडतीस बटवे केले, बरोबर अडतीस. ज्यांनी येऊन उधारी सांगितली त्यांनाच. सासूबाईंनी विचारलंही होतं, "आणि बाकीच्या?" मी म्हटलं, "बाकीच्यांचं बघू." मला वाटलं होतं की मी प्रामाणिकपणाचं कौतुक करतेय. पण बटवा ही काही खिशात लपणारी गोष्ट नाही. बायका तो घेऊन बाजारात आल्या, भिशीला गेल्या, एकमेकींच्या घरी गेल्या. काही आठवड्यांत गावात नकळत दोन गट पडले. बटवावाल्या आणि बिनबटव्याच्या.

जानेवारीत एक ताई आल्या. पुराआधी नेहमी यायच्या, नंतर दिसल्या नव्हत्या. काउंटरवर सहाशे रुपये ठेवले. म्हणाल्या, "मशीन पाण्यात गेलं होतं. मोटर बदलायला पैसे जमेपर्यंत काम नव्हतं. तोंड कुठून दाखवू म्हणून आले नाही. बटवा नको मला, पण माझं नाव वहीत लिही." मला काय बोलावं ते सुचेना. न आलेल्या बावीस जणींपैकी कितीजणींची मशीन अशी बुडाली होती, याची मी साधी चौकशीही केली नव्हती. घर वाचलेली मी, आणि हिशोब करत होते की कोण आली आणि कोण नाही.

म्हणून भेट करायला घेण्याआधी यादी लिहा आणि ती यादी अशा माणसाला वाचून दाखवा जो तुमच्या तोंडावर बोलेल. माझ्या घरी तो माणूस आहे, फक्त मी ऐकलं नव्हतं. कोणाला द्यायची हे जितकं ठरतं तितकंच कोणाला नाही द्यायची तेही ठरतं, आणि ते दुसरं लोकांना आधी दिसतं. पुढच्या वर्षी साठ केले. त्यात ज्या आजवर आल्या नाहीत त्यांचेही होते. काही बटवे अजून आमच्या कपाटात आहेत.

जे करू नका, ते थोडक्यात

काचेच्या बरण्या आपण सगळेच जमवतो. मी पहिल्या वर्षी बटव्याबरोबर उटण्याची छोटी बरणी द्यायची ठरवली होती, कारीट फोडायच्या सकाळी उपयोगी पडेल म्हणून. संत्र्याची साल वाळवून दळली, मसूर डाळीचं पीठ, घरची आंबेहळद. बरण्या गरम पाण्यात बुडवून लेबलं काढली, चिकटा राहिला तिथे खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळला. ते निघालं छान. पण त्यातल्या दहा-बारा बरण्या लोणच्याच्या होत्या. काच स्वच्छ झाली, झाकणाच्या आतल्या रबराने वास सोडला नाही. दोन दिवसांनी उघडून बघते तर उटण्याला मोहरी-हिंगाचा खमंग वास! नवरा म्हणाला, "अभ्यंगस्नान करायचंय की फोडणी द्यायचीय?" बरणी लोणच्याची असेल तर झाकण दुसरं लावा, नाहीतर ती घरीच लोणच्यालाच ठेवा. आणि उटणं दिलंत तर आत काय काय घातलंय ते कार्डावर लिहा, कोणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही.

उरलेल्या मेणबत्त्या वितळवून काचेच्या ग्लासात ओतायचा प्रयोगही केला. मेण थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. पण एवढं करूनही पहिल्याच रात्री आमच्याच ओट्यावर ज्योत तळाशी पोचली आणि ग्लास तडकला. स्वतःच्या घरी आधी पेटवून बघितलं म्हणून बरं. दुसऱ्याच्या घरी, लहान मुलाजवळ तडकला असता तर? मेणबत्तीचा नाद तिथेच सोडला. पुठ्ठ्याच्या नळ्यांचे आकाशकंदील मात्र मुलीने केले, आत छोटा एलईडी बल्ब, दिवा नाही.

चिवडा-शंकरपाळी देणार असाल तर जुन्या वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई खाण्यात उतरते आणि अन्नपदार्थाला वर्तमानपत्र लावायला एफएसएसएआयची बंदी आहे. बॉक्सवर चकचकीत प्लास्टिकचा कागद गुंडाळायची सवय असेल तर तीही मोडा. मिठाईच्या बॉक्सवरचं ते प्लास्टिकचं वेष्टन १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंमध्ये आहे. साडीच्या काठाची पट्टी बांधा, जास्त छान दिसतं.

पैसे घालून द्यायची पाकिटं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांची होतात. मुलांना बसवा, एक दुपार जाते. त्यात माझं काही विशेष सांगण्यासारखं नाही.

आणि मग ऑर्डर आली

हा भाग व्यवसायवाल्यांसाठी. बटवे बघून एका वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास छोटे बटवे मागितले. साड्या त्यांच्याच, दोन. बिनअस्तराचे, ९ बाय २२ इंचाचा तुकडा दुमडून. दोन साड्यांतून पन्नास सहज निघतात. "किती घेशील?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कापड तुमचंच आहे, दहा-दहा रुपये द्या."

शिवायचं काम मी त्याच सहाशे रुपयांवाल्या ताईंना दिलं, नगाला पंधरा रुपये. दोरा आणि नाडीची लेस मिळून नगाला पाच. म्हणजे माझा खर्च हजार रुपये आणि हातात आले पाचशे. पाचशे रुपये पदरचे घातले, कापायचा वेळ वेगळाच. घरचं कापड "फुकट" असलं की आपल्याला वाटतं सगळंच फुकट आहे. शिलाई, दोरा, कटिंग, वर आपला नफा, हे कापडाच्या किमतीवर अवलंबून नसतं. पुढच्या वर्षी त्याच बटव्याचे पस्तीस रुपये सांगितले. शिलाई पंधरा, दोरा-लेस पाच, कटिंग पाच, माझे दहा. वहिनींनी जराही घासाघीस केली नाही. मीच उगाच घाबरत होते.

विकताना एक पथ्य पाळा. जुन्या साडीचं आहे हे आधीच सांगा. कोणाला दुसऱ्याच्या वापरलेल्या कपड्याचं वाण नको असतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना दुकानातलं नवीन कापड दाखवा, भाव वेगळा सांगा. बहुतेक जणी स्वतःच्याच घरातली साडी घेऊन येतात. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं हे न सुचलेल्या दोघी-तिघी येऊन गेल्या. त्यांच्या साड्या कापताना मी प्रत्येक तुकडा परत देते, चिंधीसकट. काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते त्यांनी ठरवावं.

या वर्षीची आमची यादी तयार आहे. सासूबाईंनी वाचली, दोन नावं वाढवली आणि कपाट उघडून चार साड्या काढून दिल्या. वरच्या कप्प्यात एक हिरवी इरकल घडी घालून ठेवलेली दिसत होती. मी विचारलं, "आई, ती?" त्यांनी कपाटाचं दार लावलं आणि म्हणाल्या, "ती अजून मी नेसते."